मल्टिपल स्क्लेरोसिस कुणाला होतो? पारशी बागांमधली मोजणी आणि आपलं सोलापूर

१९८०च्या दशकात मुंबईतल्या पारशी बागांमध्ये एक वेगळीच शिरगणती झाली. घरात माणसं किती, शिकलेली किती, एवढ्यावर ती थांबली नाही. कुणाचा हात थरथरतो का, कुणाला फिट येते का, चालताना तोल जातो का, अंगाचा एखादा भाग बधिर पडतो का, अशी मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांची चौकशी दारोदार जाऊन केली गेली. ज्यांच्याविषयी शंका आली त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं. मुंबईतले डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या पाहणीत एकूण १४,०१० माणसं होती. तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले.

कंपवाताचे म्हणजे पार्किन्सनचे ४६ रुग्ण सापडले. तो आकडा पुढे जगभर गाजला. मी मात्र इथे दुसऱ्या एका आकड्याविषयी लिहिणार आहे. त्याच पाहणीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण सापडले, आणि ते होते फक्त तीन.

तीनच? यात इतिहास कसला, असं कुणीही विचारेल. सातवी-आठवीतल्या पोरांना शेकडेवारी शिकवतो तसं हे गणित मांडून बघा. चौदा हजार दहामागे तीन, म्हणजे लाखामागे साधारण २१. आणि भारताविषयी तेव्हा काय समज होता? तज्ज्ञांचे अंदाज लाखामागे ०.१७ ते १.३३ एवढेच होते. म्हणजे लाखात एखादा, फार तर दीड. 'हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे नसतो' हे वाक्य वैद्यकीय शिक्षणात जवळजवळ पाठच झालेलं होतं. त्या वाक्याला पारशी बागांमधल्या तीन माणसांनी धक्का दिला.

आजार काय आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. आपल्या मज्जातंतूंवर एक आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिकचं असतं तसं. त्याला मायलिन म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून या आवरणावरच हल्ला करू लागते. मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि डोळ्याच्या नसेत जागोजागी हे आवरण जळाल्यासारखं होतं आणि तिथे घट्ट व्रण राहतात. व्रण जिथे पडेल तसं लक्षण दिसतं. डोळ्याच्या नसेवर पडला तर दिसायचं कमी होतं, मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतात, लघवीवरचा ताबा जातो, लहान मेंदूकडे पडला तर तोल जातो. बहुतेकांना सुरुवातीला झटके येतात आणि काही आठवड्यांत बरंही वाटतं. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरीच एखादी जागा धरली जाते. वय बहुधा वीस ते चाळीस. आणि बायका पुरुषांच्या किमान दुप्पट.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आजाराला नाव मिळालं ते १८६८ साली, पॅरिसमध्ये. त्याआधी तो नव्हता असं नाही. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते याने १८२२ पासूनच्या आपल्या दुखण्याची रोजनिशी लिहून ठेवली आहे. डोळे अंधुक होणं, बरं होणं, मग पाय लुळे पडणं, काठी, मग खुर्ची. आज कुणीही डॉक्टर ती वाचून आजाराचं नाव सांगेल. तेव्हा सांगता आलं नाही, कारण सगळ्या लक्षणांना एकत्र बांधणारा शब्दच नव्हता.

आपल्याकडेही हीच परिस्थिती होती. युनानी वैद्यकात शब्दांची गरिबी अजिबात नाही. अर्धं अंग गेलं तर फालिज, तोंड वाकडं झालं तर लक्वा, बधिरपणा आला तर खदर, थरथर असेल तर राशा. (लक्वा हा खरा फक्त चेहऱ्याचा. आपण बोलीत तो सगळ्या अंगाला लावून टाकला.) मराठीत अर्धांगवायू आहे, 'वारं गेलं' आहे, मुंग्या येणं आहे. पण एकाच बाईला तीन वर्षांपूर्वी डोळ्याचं दुखणं झालं, गेल्या वर्षी हात बधिर पडला आणि आता पाय ओढत चालते, तर ही तीन दुखणी नसून एकच आहे, हे यातला कुठलाही शब्द सांगत नाही. प्रत्येक शब्द त्या त्या दिवशीचं लक्षण सांगून मोकळा होतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या ज्याँ-मार्तें शार्को यांनी ती गाठ बांधली. गरीब, म्हाताऱ्या आणि बेवारस बायकांसाठीची ती प्रचंड संस्था होती. शार्कोंना एकच रुग्ण वर्षानुवर्षं पाहता येई आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणीही करता येई. असं सांगतात, की त्यांच्या घरी एक मोलकरीण होती. तिचे हात थरथरायचे आणि बशा फुटायच्या. शार्कोंनी नुकसान सोसून तिला कामावर ठेवलं, पुढे रुग्णालयात दाखल केलं, आणि ती वारल्यावर तिच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत ते घट्ट व्रण सापडले. जिच्या शरीरातून हे ज्ञान मिळालं ती घरकाम करणारी बाई होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. राजाच्या नातवाच्या रोजनिशीतून ते मिळालं नाही.

पण याच शार्कोंच्या नावावर 'हिस्टेरिया'चं शास्त्रही आहे. बायकांच्या ज्या दुखण्याचं कारण सापडत नाही ते मनाचं दुखणं, हा शिक्का त्या काळात युरोपभर पसरला. परिणाम असा, की त्यानंतर कित्येक वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस पुरुषांना जास्त होतो असं डॉक्टर मानत राहिले. बायका मोजणीतून निसटत होत्या, कारण त्यांच्या कागदावर दुसरंच नाव लिहिलेलं होतं. आजार कुणाला होतो हे ठरवण्याआधी नोंद कोण करतं आणि काय म्हणून करतं हे पाहावं लागतं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

विसाव्या शतकात नकाशे निघाले. अमेरिकेचे डॉ. जॉन कुर्ट्झके यांनी जगाचे तीन पट्टे केले. लाखामागे ३० किंवा त्याहून जास्त रुग्ण असलेला पट्टा, ५ ते २९ चा मधला पट्टा आणि पाचाहून कमी असलेला पट्टा. उत्तर युरोप, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग पहिल्यात. आशिया आणि आफ्रिका बहुतांशी तिसऱ्यात. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका आजार जास्त, असं ते चित्र होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत, ५९ अक्षांशावर. तिथे अलीकडच्या मोजणीत लाखामागे चारशेच्या वर रुग्ण निघाले. आपलं सोलापूर साडेसतरा अक्षांशांच्या जरा वर. ऊन आणि त्यातून मिळणारं ड जीवनसत्त्व आपलं रक्षण करत असावं, असा तर्क या नकाशातूनच पुढे आला, आणि त्यात तथ्य आहे असं आजही मानलं जातं.

नकाशाला फाटे फोडणारी माणसंही निघाली. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे डॉ. जेफ्री डीन यांना दिसलं, की इंग्लंडहून आलेल्या गोऱ्यांमध्ये आजार बराच आहे, पण तिथेच जन्मलेल्या गोऱ्यांमध्ये कमी. रक्त तेच, मग फरक कशाचा? लहानपणी आलेल्यांना धोका कमी दिसला आणि मोठेपणी आलेल्यांना मायदेशाएवढाच. म्हणजे जे काही घडतं ते कोवळ्या वयात घडत असावं. कुर्ट्झके यांनी फेरो बेटांचं उदाहरण दिलं. १९४० साली दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौज तिथे उतरली, आणि १९४३ पासून बेटकऱ्यांमध्ये हा आजार दिसू लागला. फौजेबरोबर कुठला तरी संसर्ग आला, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलं नाही, वाद बरीच वर्षं चालला.

आता मुंबईकडे वळतो, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

भारतातल्या मल्टिपल स्क्लेरोसिसवर डॉ. ई. पी. भरुचा आणि डॉ. उमर्जी यांचा लेख १९६१ सालीच आला होता. १९७५ साली डॉ. भीमसेन सिंघल आणि डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबई परिसरातल्या रुग्णांचं चित्र मांडलं. डॉ. वाडिया जे. जे. रुग्णालयाचे, डॉ. सिंघल पुढे बॉम्बे हॉस्पिटलमुळे सर्वांना माहीत झालेले. एमआरआय तेव्हा नव्हतं. निदान करायचं ते हातोडी, टॉर्च, टाचणी आणि रुग्णाची हकिकत यांच्या जोरावर. दोन वेगवेगळ्या वेळी, मज्जासंस्थेच्या दोन वेगवेगळ्या जागी झटका आल्याचं सिद्ध झालं पाहिजे आणि दुसरं कारण नाही हे दिसलं पाहिजे. अशा कसोटीवर घासूनही रुग्ण मिळाले. म्हणजे आजार इथे होता. प्रश्न फक्त किती, एवढाच उरला.

आणि डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागलं, की मुंबईच्या लोकसंख्येत पारशी मूठभर असताना या रुग्णांत त्यांची नावं प्रमाणाबाहेर दिसतात. १९९० साली वाडिया आणि भाटिया यांचा लेख अमेरिकेतल्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी मुंबईतल्या पारश्यांमधलं प्रमाण लाखामागे २६ सांगितलं. भरुचांच्या घरोघरच्या पाहणीतून २१, वाडियांच्या मोजणीतून २६. दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलेली माणसं जवळजवळ एकाच मुक्कामाला पोहोचली.

इथे गणिताच्या मास्तरासारखी एक सूचना करावीशी वाटते. तीन रुग्णांच्या जागी दोन सापडले असते तर लाखामागचा आकडा १४ झाला असता, आणि चार सापडले असते तर २८. एवढ्या लहान मोजणीत एका माणसाने सात अंकांचा फरक पडतो. म्हणून २१ या आकड्याची पूजा करायची नाही. पण चौदा धरला तरी तो भारताविषयीच्या जुन्या अंदाजाच्या दहापटीवर राहतो, हेही तितकंच खरं.

पारशीच का सापडले? एक उत्तर सरळ आहे. त्यांना मोजणं शक्य होतं. बागांमधून, कॉलन्यांमधून एकत्र राहणारा समाज, पंचायतीकडे नोंदी, शिक्षण जवळपास सार्वत्रिक, बायकांचंही. घरातल्या मुलीला एका डोळ्याने दिसेनासं झालं तर तिला डॉक्टरकडे नेण्याची पद्धत, आणि मेंदूविकारांच्या डॉक्टरांमध्ये बरेच स्वतः पारशी. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात भाषेचं, पैशाचं, लाजेचं अंतर कमी. असा समाज घ्या आणि कुठलाही आजार मोजा, तो जास्तच दिसेल.

दुसरं उत्तर रक्ताचं आहे. पारशी हजार वर्षांहून अधिक काळ गुजरात-मुंबईच्या उन्हात राहिले आहेत. हवा तीच, पाणी तेच, आंबा-मासळी तीच. लग्नं मात्र आपसात. इराणहून आलेला आनुवंशिक वारसा बराचसा टिकून राहिला. ऊनच सगळ्यांना वाचवत असेल, तर त्यांनाही वाचवायला हवं होतं.

आणि इथेच गंमत होते. १९९० सालीच इंग्लंडमधून दुसरा एक निष्कर्ष आला. मार्ता एलियन, नाइटिंगेल आणि तेच जेफ्री डीन यांनी भारतीय उपखंड, आफ्रिका आणि वेस्ट इंडीजमधून ब्रिटनला गेलेल्या कुटुंबांची तिथे जन्मलेली मुलं पाहिली. आईबापांमध्ये आजार दुर्मिळ. मुलांमध्ये मात्र तो गोऱ्या इंग्रज मुलांइतकाच दिसला. रक्त आपलं, जन्म तिथला, आणि धोका तिथल्यासारखा!

एकाच वर्षी दोन साक्षी. मुंबईतली साक्ष म्हणते, जागा तीच असून वंशाने फरक पडतो. लंडनची म्हणते, वंश तोच असून जागेने फरक पडतो. माझ्या मते दोन्ही खऱ्या आहेत. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी त्यातली दुसरी जरूर लक्षात ठेवावी. 'आपल्यात हे नसतं' हा भरवसा विमानात बसताना मागेच राहतो.

इराणचं उदाहरणही याच ओळीतलं. जुन्या नकाशांत इराण कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००६ साली इस्फहान शहराचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा तिथे लाखामागे ३५.५ रुग्ण निघाले, पुढच्या मोजण्यांत त्याहूनही जास्त. ऊन तर इस्फहानलाही भरपूर आहे. पारश्यांच्या पूर्वजांचा देश म्हणून हे जुळतं, असं कुणी म्हणेल. पण एवढ्या थोड्या वर्षांत वाढत गेलेला आकडा केवळ वंशाने समजत नाही, कारण वंश वीस वर्षांत बदलत नाही. घरात राहणं वाढलं, सिगारेट वाढली, लहानपणचा लठ्ठपणा वाढला, आणि एमआरआयची यंत्रंही वाढली. यातला प्रत्येकाचा वाटा किती, याचा हिशेब अजून चालू आहे.

आपल्या शेजारी कर्नाटकात मंगळूरला डॉ. लेखा पंडित यांनी हेच काम आधुनिक साधनांनी केलं. २०१४ साली त्यांनी मंगळूर शहरातला आकडा दिला, लाखामागे ८.३५. त्यात पारशी वस्तीचा प्रश्नच नाही. पारश्यांच्या आकड्याहून कमी, पण देशाच्या जुन्या अंदाजाच्या सहापटीहून जास्त. त्याच पाहणीत न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या आजाराचे रुग्णही मोजले गेले. हा आजार डोळ्याची नस आणि मज्जारज्जू धरतो, म्हणून पूर्वी तो मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येच जमा व्हायचा. २००४ साली त्याची ओळख पटवणारी रक्ताची तपासणी सापडली तेव्हा दोघांची फारकत झाली. म्हणजे आपल्या जुन्या आकड्यांत दोन्ही प्रकारची चूक आहे. कितीतरी रुग्ण मोजलेच गेले नाहीत, आणि मोजले त्यातले काही दुसऱ्याच आजाराचे होते.

कारणांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत दोन मोठ्या गोष्टी झाल्या. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या सुमारे एक कोटी तरुणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून असं दिसलं, की एपस्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढतो. शार्कोंचा शिष्य पियेर मारी याने १८८४ सालीच संसर्गाची शंका घेतली होती. तिला पुरावा मिळायला जवळपास १४० वर्षं लागली. मात्र हा विषाणू जगातल्या बहुसंख्य माणसांना कधी ना कधी गाठतोच, आणि आजार होतो फार थोड्यांना. म्हणजे विषाणू लागतो, पण एकटा पुरत नाही. आपल्यासारख्या देशांत तो बहुतेकांना अगदी लहानपणी होऊन जातो, श्रीमंत देशांत अनेकांना तो किशोरवयात किंवा त्यानंतर होतो. उशिरा झालेली लागण जास्त त्रास देते, हे ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट २०२४ सालची. युरोपातल्या प्राचीन सांगाड्यांच्या जनुकांवरून असं पुढे आलं, की या आजाराचा धोका वाढवणारी काही जनुकं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतल्या पशुपालकांबरोबर वायव्य युरोपात पोहोचली. गुराढोरांच्या सहवासात राहणाऱ्या माणसांना जंतूंशी लढायला ती उपयोगी पडली असावीत. एकेकाळी कामाची असलेली प्रतिकारशक्ती आज घरातच भांडण काढते आहे. अशा संशोधनावरून आपल्याकडे लगेच कोण मूळचा आणि कोण उपरा याची चर्चा सुरू होते, म्हणून सांगतो. मुंबईच्या रुग्णांमध्येही या आजाराशी जोडलेल्या जनुकगटाचा संबंध २००३ सालच्या अभ्यासात दिसला होता. जनुकं कुणाच्या दाखल्यावरची जात किंवा धर्म वाचत नाहीत, आणि कुठल्याही समाजात ती शंभर टक्के असत किंवा नसत नाहीत.

आता त्या बायकांच्या मुद्द्याकडे.

आमच्या ओळखीत एक आपा आहेत. नावगाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदलले आहेत. लग्नानंतर दोन वर्षांनी एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर धुरकट पडदा आला. तीन आठवड्यांत तो गेला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वर्षभराने कमरेखाली मुंग्या. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं कॅल्शियम. मग खरी परीक्षा सुरू झाली ती उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये, आपलं सोलापूर ४३-४४ अंशांवर भाजत असतं तेव्हा, त्यांना गच्चीचा जिना चढता येईना. हातातून तवा पडायचा, बोलताना जीभ जड व्हायची. आणि पावसाळा सुरू होऊन हवा गार झाली की त्या बऱ्यापैकी चालायच्या. सासरच्यांनी यातून काय काढलं असेल? कामाच्या वेळी दुखतं, आराम असला की बरं असतं. नखरे आहेत. दुसऱ्या कुणी सांगितलं, असर झालाय, साया पडलाय. ताईत झाले, फुंकर झाली. शेजारच्या हिंदू घरात हेच घडलं असतं तर करणी म्हटलं असतं, देवऋषी आला असता. रीत एकच.

त्यांचं उन्हाळ्यातलं ते दुखणं मात्र पुस्तकात छापलेलं आहे. विल्हेल्म उहटॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली त्याची नोंद केली. आवरण गेलेल्या मज्जातंतूतून जाणारा संदेश शरीर थोडं तापलं तरी अडखळतो, आणि अंग गार झालं की पुन्हा वाहू लागतो. ताप, श्रम, गरम पाण्याची आंघोळ, कडक ऊन, काहीही पुरतं. इतकंच काय, एमआरआयच्या आधीच्या काळात डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. ज्याला घरचे नखरे म्हणत होते ती खरं तर निदानाची खूण होती. ऊन आजार होण्यापासून कदाचित वाचवतं, पण एकदा झाला की तेच ऊन छळतं. थंड देशातल्या रुग्णापेक्षा सोलापूरच्या रुग्णाचा उन्हाळा वेगळा असतो, आणि पत्र्याच्या घरात चुलीपुढे किंवा पॉवरलूमच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईचा त्याहून वेगळा.

आपांचं निदान चौथ्या वर्षी झालं, दुसऱ्या शहरात. त्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये त्या रडल्या नाहीत, उलट हलक्या झाल्या, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. आजाराचं नाव कळलं, म्हणजे त्या खोटं बोलत नव्हत्या हे कागदावर आलं.

या कागदासाठीही इथे एका बाईने झगडा दिला आहे. मुंबईच्या रेहमत फजलभॉय स्वतः या आजाराच्या रुग्ण होत्या. १९८५ साली त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. पारशी बागांमधली मोजणी आणि ही संस्था एकाच दशकातली, एकाच शहरातली. डॉक्टर रुग्ण मोजत होते आणि रुग्ण एकमेकांना शोधत होते. संस्थेच्या शाखा पुढे पुणे, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, कोलकाता अशा शहरांत झाल्या. सवलत मागायला गेलं की 'हे अपंगत्वात बसत नाही' असं ऐकावं लागायचं. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि २१ प्रकारांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आलं. आपल्या सरकारी मराठी यादीत त्याला भाषांतर मिळालेलं नाही, इंग्रजी नावच देवनागरीत लिहितात. मला त्याचं वाईट वाटत नाही. बोजड संस्कृत शब्द शोधण्यापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं तेच नाव घरात माहीत झालेलं बरं.

सोलापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ४३,१७,७५६. जुन्या अंदाजातला सर्वांत लहान आकडा लावला तर जिल्ह्यात या आजाराची सात माणसं असायला हवीत. मोठा लावला तर सत्तावन्न. मंगळूरचं प्रमाण धरलं तर तीनशे साठ. हा केवळ गुणाकार आहे, मंगळूरची हवा आणि माणसं वेगळी, हे मान्य. पण सात आणि तीनशे साठ यांच्यामधली जी माणसं आहेत ती काही गणितातली नाहीत. ती कुठल्या तरी दवाखान्यात मणक्याच्या, डोळ्याच्या, अशक्तपणाच्या किंवा डोक्याच्या औषधांवर आहेत.

पारश्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. २००१ साली देशात ते ६९,६०१ होते, २०११ साली ५७,२६४ उरले. ज्या समाजाने स्वतःला मोजू दिलं आणि देशाला पहिला भरवशाचा आकडा दिला, तो स्वतःच आटत चालला आहे. पुढची मोजणी दुसरीकडे कुठेतरी करावी लागेल. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची दाट वस्ती आहे. मुस्लिम मोहल्लेही असेच एकमेकांना चिकटून आहेत. घरोघर फिरणाऱ्या आशाताई आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून शहरात आहे. पल्स पोलिओला दार उघडणारं गाव डोळ्याच्या आणि तोलाच्या चार प्रश्नांनाही उघडेल.

तोवर घरातल्या माणसांनी करायची गोष्ट साधी आहे. वीस ते चाळीस वयाच्या कुणाचंही, विशेषतः मुलीचं किंवा सुनेचं, एका डोळ्याचं दिसणं काही दिवसांत कमी झालं आणि डोळा हलवताना दुखत असेल, किंवा दोन्ही पाय बधिर, जड झाले आणि हे चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं, तर आपोआप बरं झालं तरी ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा आणि मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. पहिलं औषध १९९३ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्यानंतर अनेक औषधं आली, काही महाग, काही आता पूर्वीपेक्षा आवाक्यात. झटके कमी करायला ती लवकर सुरू झालेली चांगली. निदान झालेलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करता येतो, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर आरक्षण आणि इतर सवलतींचा हक्क मिळतो. तपासणीला जाताना जुने सगळे कागद बरोबर न्या, डोळ्याच्या डॉक्टरांची ती पहिली चिठ्ठीसुद्धा. आणि शक्य असेल तर तारीख मे महिन्यातली घेऊ नका, सकाळची घ्या.